जवळमधला ज

कोच, त्या सकाळी मी पोहे भिजवून चाळणीत निथळत ठेवले होते आणि सिंकमध्ये त्याची पांढरी पँट घासत होते. तुमच्या मैदानावरची ती तांबडी माती गुडघ्यावर एकदा बसली की मशीनला दाद देत नाही. साबणाची वडी घेऊन हातानेच घासावं लागतं आणि पाणी विटेच्या रंगाचं होतं. एका बाजूला कांदा चिरून ठेवलेला, दुसऱ्या बाजूला मोहरीचा डबा उघडा. हे जाऊन महिना झाला नव्हता. मी दोन माणसांपुरते पोहे भिजवायला शिकत होते आणि रोज तिघांचे भिजत होते. शनिवार होता, मुलगा लायब्ररीत अभ्यासाला गेला होता. ओक ट्री रोडवरच्या मिठाईवाल्याकडे पोळ्या लाटायची माझी पाळी दुपारची असायची. सकाळ माझी, आणि त्या दिवसांत सकाळचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी डाग गेल्यावरही पँट घासत होते.

बेल वाजली. दारात तुम्ही. हातात पातळ पत्र्याचा झाकलेला ट्रे, टोपी काखेत. मी तुम्हाला त्याआधी एकदाच पाहिलं होतं, यांना निरोप द्यायला जमलेल्या माणसांच्या शेवटच्या रांगेत. आत यायच्या आधी तुम्ही वाकलात आणि बूट काढलेत. कुणी सांगितलं नव्हतं. उजव्या मोज्यातून तुमचा अंगठा बाहेर आला होता. तो झाकायला तुम्ही दुसरा पाय त्यावर ठेवलात आणि तसेच खुर्चीत बसलात. मला हसू आलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा. हॉलमधल्या बुद्धाच्या मूर्तीकडे तुम्ही पाहिलंत, मग तिच्या वरच्या फोटोकडे, कोट-टाय आणि चष्म्यातल्या माणसाकडे, आणि विचारलंत, "युअर फादर?" मी म्हणाले, "यस. एव्हरीबडीज फादर." तुम्ही मान डोलावलीत. पुढे काही विचारलं नाहीत.

तुम्हाला 'तुम्ही' म्हणायला आज बरं वाटतंय. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. तुम्हाला यू, दुकानाच्या मालकाला यू, शेजारणीच्या कुत्र्यालाही यू. तुमच्याशी बोलताना मला सारखं वाटायचं, आपण या मोठ्या माणसाला अरेतुरे करतोय. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं. नागपूरला होते तेव्हा हाताला लागेल ते वाचायचे, पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायचे. इथे आल्यावर हे लॅबमध्ये कामाला गेले की मी लायब्ररीतल्या लहान मुलांच्या कोपऱ्यात जाऊन बसायचे. छोट्या खुर्चीत गुडघे मिटून. तिथली बाई मला हळूहळू जाडी पुस्तकं देत गेली. म्हणजे इंग्रजी मी डोळ्यांनी शिकले, कानांनी नाही. शब्द मला आधी दिसायचा, ऐकू यायचा नंतर. व्याकरणाच्या पुस्तकातली रूपं मी पोळ्या लाटताना मनात म्हणायचे. बिग, बिगर, बिगेस्ट. क्लोज, क्लोजर, क्लोजेस्ट. जवळ, अधिक जवळ, सगळ्यात जवळ.

तुम्ही पोहे दुसऱ्यांदा मागून घेतलेत. मिरची लागून नाक लाल झालं होतं तरी. मग चमचा खाली ठेवून म्हणालात, "ही इज माय क्लोजर." शाळेत एवढी मुलं, आणि हा माणूस माझ्या मुलाला आपला जवळचा म्हणतोय. पुढे तुम्ही बरंच बोललात, माझ्यासाठी शब्द सुटे सुटे करून. मुलाचे वडील गेलेत, त्याच्या मनावर ओझं आहे. हा सीझन त्याला जड जाईल. लोक बोलतील. तुम्ही त्याची आई आहात, तुम्ही म्हणाल तसं करीन. आणि मग विचारलंत, "डू यू वॉन्ट मी टु कीप हिम ॲज क्लोजर?" मधला तो इवलासा 'ॲज' मी ऐकलाच नाही, किंवा ऐकला आणि पोह्यातल्या खड्यासारखा बाजूला काढला. तुमच्या तोंडच्या त्या शब्दात आमच्या 'जवळ'मधला ज होता. जीवातला नाही, जवळमधला. दाताला जीभ लावून म्हणायचा, मऊ. मला त्यात शंका घ्यायला जागाच दिसली नाही.

"यस," मी म्हणाले. "कीप हिम क्लोजर. ऑलवेज. पीपल टॉक, लेट देम टॉक. यू प्रॉमिस मी."

तुम्ही हात छातीवर ठेवलात. "यू हॅव माय वर्ड, मॅम."

शब्द दिला. आमच्याकडेही असंच म्हणतात, म्हणून तेवढं मला नीट कळलं.

तुमच्या ट्रेमधला चीजचा पास्ता आम्ही दोघांनी पुरवून पुरवून खाल्ला. मग तो ट्रे मी घासला, पुसला आणि शंकरपाळे भरून मुलाबरोबर परत पाठवला. मुलगा म्हणाला, "आई, ते फेकायचं असतं. डिस्पोजेबल." मी म्हणाले, "आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत, आणि भांडं फेकत तर मुळीच नाहीत." तो लाजत लाजत घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात ट्रे परत आला, त्यात तुमच्या बायकोने केलेला केळ्याचा ब्रेड. म्हणजे तुम्हालाही नियम कळला होता. त्या वसंतात तो ट्रे किती वेळा इकडून तिकडे गेला! कडा वाकल्या, एका कोपऱ्यात भोक पडलं, तिथे मी आतून पोळीएवढा फॉइलचा तुकडा लावला. मला वाटायचं, बघा, आपल्या मुलाला या परक्या गावात एक जवळचं घर मिळालं.

तुमच्या त्या बेसबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. हे होते तेव्हा एवढंच म्हणायचे, "आपला पोरगा शेवटची ओव्हर टाकतो." हे क्रिकेटचे. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधल्या जागेत बापलेक टेनिस बॉलने खेळायचे, आणि मुलाचा हात जो बाजूने फिरायचा तो तिथलाच. तुम्हाला तो हात आवडला होता. यांच्या डोळ्यांदेखत तो शेवटी यायचा, चार-सहा चेंडूंत समोरच्यांचा खेळ आटपायचा, आणि हे घरी येऊन मला सोफ्याच्या उशीने करून दाखवायचे. हे गेल्यावर त्याच हातातून चेंडू भलतीकडे जायला लागला. ते मला कुणी सांगितलं नाही. मी दुपारी पोळ्या लाटत असायचे, मॅचही दुपारच्याच. तो घरी आला की विचारायचे, "कसं झालं?" तो म्हणायचा, "ओके." ओके म्हणजे बरं, असंच मी धरायचे.

त्या वर्षीच्या शेवटच्या मॅचला मात्र मी मालकाकडे सुट्टी मागितली. तो गुजराती, क्रिकेटवाला, म्हणाला, "बहेन, जाओ जाओ, छोकरा खेले छे." मी लोखंडी पायऱ्यांवर मधोमध बसले. डब्यात थेपले, पाण्याची बाटली. सगळा वेळ मुलगा दूर बाकावर बसून होता. आपण एका धावेने पुढे होतो आणि शेवटचा डाव होता. तुम्ही नुसती मान वळवलीत आणि तो उठला. माझ्या मागची बाई म्हणाली, "नॉट हिम. ओ गॉड, नॉट हिम अगेन." तिच्या शेजारचा माणूस ओरडला, "कोच, कम ऑन!" मी वळून बघितलं नाही. थेपल्याचा डबा मांडीवर घट्ट धरला.

तो चेंडू टाकत होता आणि चेंडू जायला पाहिजे तिथे जात नव्हता. चार चेंडू बाहेर गेले की समोरचा न खेळता पुढे जातो, हे मला त्या दिवशी बघून बघून कळलं, कारण एकामागून एक तिघे तसेच पुढे गेले. पायऱ्यांवर गलका. मग तुम्ही बाकावरून उठलात. उजव्या गुडघ्यात जरासे लंगडत, घाई न करता, त्या मातीच्या उंचवट्यापर्यंत चालत गेलात. सगळे म्हणायला लागले, आता काढतील. तुम्ही त्याच्यासमोर उभे. तो काहीतरी बोलला आणि मान हलवली. परत हलवली. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात, काही बोललात, चेंडू त्याच्याच हातात राहू दिलात आणि परत निघालात. लोक तुमची हुर्यो उडवत होते. तुम्ही टोपीही सारखी केली नाहीत. कोच, मी तिथे रडले. दुःखाने नाही. मला वाटलं, माझा मुलगा मान हलवून सांगतोय, मी जाणार नाही, मला राहू द्या. आणि सगळं मैदान एका बाजूला असताना हा एक माणूस माझ्या मुलाच्या बाजूला उभा आहे. पुढच्या काही चेंडूंतच आपण हरलो. मला हरल्याचं काही वाटलं नाही. घरी येऊन मी यांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि सांगितलं, काळजी करू नका.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तुम्ही दारातला बर्फ काढताना पडलात आणि उठला नाहीत. टीमची सगळी मुलं शर्ट घालून आली होती. माझा मुलगा नाही आला. म्हणाला, परीक्षा आहे. मला वाटलं, एका वर्षात दोन वेळा बाप गेला पोराचा, कसा येईल. मी एकटीच आले. तुमच्या बायकोच्या हातात तो वाकडा ट्रे दिला, शिरा भरून. तिने तो ओळखला, कडेवरून बोट फिरवलं आणि मला मिठी मारली. त्यानंतर मुलाने कधी चेंडू हातात घेतला नाही. कॉलेज, नोकरी, लग्न, मुलगी, सगळं झालं. चांगला आहे तो. भांडत नाही, आवाज चढवत नाही. मी मात्र बेसबॉल बघायला लागले. घर शांत असतं, आणि त्या खेळात मधे मधे पुष्कळ वेळ काहीच घडत नाही, ते मला सोबतीसारखं वाटतं. त्यातच केव्हातरी टीव्हीवर एक शेवटचा गडी आला आणि खाली त्याच्या नावाशेजारी लिहून आलं, क्लोजर. मी वहाणा सारून जवळ जाऊन वाचलं. जवळचा नाही. क्लोज करणारा, शेवटी येऊन खेळ बंद करणारा. दुकानाच्या पाटीवर असतं तो क्लोज. जवळचा तो म्हणे 'क्लोसर', त्यात स म्हणतात, लिहितात मात्र दोन्ही सारखंच. मी एकटीच हसले. म्हटलं, बाई गं, काय अडाणी तू, त्या बिचाऱ्याने धंद्यातला शब्द सांगितला आणि तुला भरून आलं. एवढंच. गंमत म्हणून ठेवून दिलं. मुलालासुद्धा सांगितलं नाही, हसेल म्हणून.

गेल्या रविवारी मुलगा नातीला घेऊन माझ्याकडे आला. सूनबाईची हॉस्पिटलात ड्युटी होती. मी टेबलावर मेथी निवडत होते, टीव्हीवर दुपारची मॅच. नात, दहा वर्षांची होईल, सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बघत होती. तीही शाळेच्या टीममध्ये खेळते. येताच मला म्हणाली होती, "आजी, माय कोच वॉन्ट्स मी टु पिच. डॅड सेड नो." मी त्याला विचारलं, का रे, टाकू दे की तिला चेंडू? तो म्हणाला, "दुसरं काहीही खेळू दे. ते नको." का नको ते सांगितलं नाही. टीव्हीवर शेवटचा डाव चालला होता. त्या टीमचा शेवटचा गडी गेले दोन महिने मार खात होता, आणि त्यांचा मॅनेजर, शाळेत तुम्ही कोच तसा त्यांच्यात मॅनेजर, तरी त्यालाच पाठवत होता. त्या दिवशीही पाठवलं. घरचंच मैदान, घरचेच लोक, आणि सगळे ओरडत होते. मॅनेजर चालत गेला, बोलला, आणि चेंडू त्याच्याकडेच ठेवून परत आला.

"बघ," मी म्हणाले, "आपल्या कोचसारखा आहे हा. सोडत नाही माणसाला."

"आई, प्लीज."

"प्लीज काय? सगळं गाव ओरडतंय आणि तो एकटा त्याच्या मागे उभा आहे."

"त्याला काढायला पाहिजे. बघ ना त्याच्याकडे. ही वॉन्ट्स आउट."

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार, आई?"

त्याने रिमोट घेऊन आवाज बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही, बंद आवाजाच्या टीव्हीकडेच बघत बोलला. "मी दर वेळी सांगायचो त्यांना. कोच, नॉट मी. टेक मी आउट. मला उलटी यायची त्या आधी, बाकाच्या मागे जाऊन. शेवटच्या मॅचला तू समोर बसली होतीस ना? मी मान हलवत होतो. तुला काय वाटलं, मी काय म्हणत होतो?"

मला काय वाटलं होतं ते मी त्याला सांगितलं नाही. मी विचारलं, "मग ते काय म्हणायचे?"

"म्हणायचे, आय गेव्ह युअर मदर माय वर्ड." तो हसला. बापासारखा, नुसत्या नाकाने. "मग मी काय बोलणार? बाबा नव्हते. तू दिवसभर लाटून यायचीस, खांदा धरून झोपायचीस. मला वाटलं, आईला एवढं एकच पाहिजे आहे. मी शेवटचा बॉल टाकायचा. तर टाकतो. हाऊ हार्ड इज इट?"

नातीने मान वर केली. "आजी, यू मेड हिम?"

"ए, चूप," तो तिला म्हणाला. "आजीला असं बोलायचं नाही. खूप वर्षं झाली त्याला. आई, सोड, तू मेथी कर. इट्स ओके."

ओके. तोच शब्द, त्याच आवाजात. माझे हात चालूच होते. ते जेवून गेल्यावर पाहिलं तर त्या क्षणापासून पुढे मी मेथीची पानं कचऱ्याच्या पिशवीत टाकली होती आणि देठं भांड्यात. देठांचीच भाजी झाली होती, आणि मुलगा एक शब्द न बोलता पोळीबरोबर ती चावून चावून खाऊन गेला होता. मी खुर्चीत बसले ती किती वेळ कुणास ठाऊक. दोन गोष्टी माझ्याकडे इतकी वर्षं वेगवेगळ्या पडून होत्या. एक, अडाणी बाईने ऐकलेला एक शब्द. दुसरी, तुम्ही छातीवर ठेवलेला हात. त्या एकमेकींना लागून आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं. तुम्ही विचारत होतात, याला शेवटी चेंडू देत राहू का. मी सांगत होते, याला जवळ धरा. तुम्ही शब्द दिलात तो मी मागितलेलाच नव्हता. आणि तुम्ही तो पाळलात. लोकांनी हुर्यो उडवली तरी, हरलात तरी, मुलगा तोंडावर नको नको म्हणत होता तरी.

कोच, मला तुमचा रागही आला, तो लपवत नाही. तुम्ही एकदा यायचं होतंत. बूट काढून त्याच खुर्चीत बसायचं होतं आणि सांगायचं होतं, तुमचा मुलगा नको म्हणतोय, काय करू? मी काय, पोहे तर दिलेच असते. ट्रे येत होता, जात होता, त्यात एक चिठ्ठी टाकली असती तरी मी शब्दकोश काढून वाचली असती. पण तुम्हाला वाटलं असेल, नवरा गेलेल्या बाईने एक गोष्ट मागितली, ती कशी मोडू. त्यालाही तसंच वाटलं. दोघेही त्या मातीच्या ढिगावर उभे राहून माझं मन राखत होतात, आणि मी पायऱ्यांवर डबा धरून बसले होते, भरून पावले म्हणत. आपण तिघं होतो तिथे, आणि तिघांपैकी कुणालाच ते नको होतं.

सोमवारपासून मी हाच विचार करतेय की त्याला सांगायचं की नाही. सोपं वाटतं, पण नाही. तो समजतो की त्याने ते आईसाठी सोसलं. सतरा वर्षांच्या पोराने बाप गेल्यावर आईसाठी काहीतरी केलं, ही त्याच्याकडची एक चीज आहे. मी जाऊन सांगू, की बाबा, ते मी मागितलंच नव्हतं? तू बाकाच्या मागे जाऊन उलट्या करत होतास ते एका अक्षराच्या चुकीपायी? त्याच्या हातातून ती चीज काढून घेतल्यासारखं होईल. नाही सांगितलं, तर तो मला कधी काही म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. दर रविवारी येईल, देठांची भाजी खाईल. पण त्या मुलीला तो तिथे उभं राहू देणार नाही, आणि का ते सांगणारही नाही. आणि नातीच्या मनात राहील, आजी मेड हिम. तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात, तो माझ्यासाठी गप्प राहिला. आता मी त्याच्यासाठी गप्प राहिले तर हे किती पिढ्या चालायचं?

हे पत्र तुम्हाला मिळायचं नाही. तुम्ही नाही, आणि असतात तरी मराठी वाचायला कुणाला बोलावलं असतंत? माझ्या मुलालाच. म्हणून बिनधास्त लिहिते, आणि एक गोष्ट लिहायची टाळत आले तीही लिहून टाकते. त्या दिवशी तो म्हणाला, आय गेव्ह युअर मदर माय वर्ड, तेव्हा धक्का बसायच्या आधी, अगदी आधी, मला आनंद झाला होता. हे गेल्यावर बँकेतला, विम्याचा, मुलाच्या शाळेच्या ऑफिसातला, ज्याच्या त्याच्याशी मी बोलायला गेले की तो म्हणायचा, घरात दुसरं कुणी आहे का, ज्यांच्याशी बोलता येईल? माझं इंग्रजी ऐकून तेवढंच विचारायचे. आणि एक माणूस होता ज्याने माझं वाक्य ऐकलं आणि ते वाक्य आहे असं धरून चालला. चुकलेलं वाक्य, पण माझं. मुलगा समोर तसा बसलेला असताना आईला आनंद झाला. हे मी कुणालाही सांगणार नाही, त्यालासुद्धा नाही.

कोच, वरचं सगळं लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे भिजवले, मोजून चौघांचे, डब्यात भरले आणि गाडी घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने दार उघडलं. मी चपला काढायला थांबले नाही. "मला क्लोजर म्हणजे जवळ वाटलं होतं," मी म्हणाले.